साठा आणि संपत्ती

फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतील रियासी जिल्ह्यात लिथियमचा ५९ लाख टन साठा सापडल्याची वार्ता आली, आणि देशाचे दैन्य फिटल्यासारखे मथळे झळकले. वस्तुतः तो आकडा धातूचा नव्हे, धातुकाचा. म्हणजे बहुतांशी मातीदगडाचाच. शिवाय शोधाच्या ‘जी-४’ ते ‘जी-१’ अशा चार पायऱ्यांपैकी तो दुसऱ्या, ‘जी-३’ पायरीवरचा अंदाज होता.

पदरचे पैसे घालून खनिज शोधणारा लहान शोधक अशा आकड्याला भुलत नाही. धातूचे शेकडा प्रमाण किती, थर सलग की तुटक, धातू वेगळा काढणे परवडेल काय, रस्ता आणि पाणी किती दूर, हे तो आधी विचारतो. कारण प्रत्येक बोअर त्याचे भांडवल गिळत असते. आपल्याकडे २०१५ च्या दुरुस्तीने खाणपट्टे लिलावाने देण्याचे ठरले. वशिलेबाजीला त्यामुळे आळा बसला, हे मान्य. परंतु शोधणाऱ्यालाच खाण मिळण्याची आशा मावळली, आणि हे प्रश्न स्वतःच्या जोखमीवर विचारणाऱ्याला कारणच उरले नाही. २०२३ चा नवा शोधपरवानाही लिलावानेच मिळतो!

रियासीच्या लिलावाला तीन पात्र बोलीदारही लाभले नाहीत; मार्च २०२४ मध्ये तो रद्द झाला. यात नवल ते कसले?