किल्ली कोणाच्या खिशात?

कारखान्यातील अपघात म्हटला की धडधडणाऱ्या यंत्रात सापडलेला कामगार वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु थांबविलेली यंत्रेही माणसांचे बळी घेतात. साफसफाईसाठी किंवा अडकलेला तुकडा काढण्यासाठी यंत्र बंद करावे, फिटरने आत हात घालावा आणि पलीकडच्या कोणी, मनात काहीएक वाईट नसताना, बटण दाबावे, एवढे पुरते. कित्येकदा बटणाचीही गरज लागत नाही. वीज तोडली तरी नळ्यांत दाब उरतो, आणि वर थांबलेला प्रेसचा रॅम स्वतःच्या भारानेही खाली येऊ शकतो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचे २२ वे कलम या बाबतीत पुरेसे स्पष्ट होते. चालत्या यंत्राची तपासणी अपरिहार्यच असेल तर ती खास शिकविलेल्या प्रौढ पुरुष कामगाराने, अंगाबरोबर बसणारे कपडे घालून करावी. ते कपडे मालकाने पुरवावे आणि त्या कामगाराचे नाव नोंदवहीत असावे. रात्रपाळीच्या किती कंत्राटी कामगारांची नावे अशा वहीत चढली, हे विचारणे अप्रस्तुत ठरेल काय? २०२० च्या संहितेने आता त्या अधिनियमाची जागा घेतली आहे. फिटरच्या हाताला असलेला धोका मात्र होता तेथेच आहे.

उपाय महागडा नाही. आत उतरणाऱ्याने मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप घालावे, साठलेला दाब मोकळा करावा, यंत्र सुरू होत नाही ना हे पडताळून पाहावे आणि किल्ली स्वतःपाशी ठेवावी. पाच जण उतरणार असतील तर कुलुपेही पाच. अमेरिकेने १९८९ साली ही रीत नियमाने सक्तीची केली. केवळ कागदावर भिस्त ठेवल्याचा परिणाम त्याच्या आदल्याच वर्षी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर दिसला होता. दुरुस्तीसाठी सुरक्षाझडप काढलेला पंप रात्रपाळीने सुरू केला, कारण झडप काढल्याची चिठ्ठी तिच्या नजरेस आलीच नव्हती. १६७ माणसे प्राणांस मुकली.

आमच्याकडे कुलूप अडते ते उत्पादनाच्या घाईपाशी. ‘दहा मिनिटांचे काम, मेन कशाला काढता?’ असे म्हणणारा मुकादम अपघातानंतरच्या चौकशीत क्वचितच दिसतो. दिसतो तो कामगाराचा ‘निष्काळजीपणा’. भरपाईच्या १९२३ च्या कायद्याने अंगठा गेल्यास कमाईची शक्ती शेकडा ३० नी आणि संपूर्ण तर्जनी गेल्यास १४ नी घटते, असा हिशेब मांडला होता. त्या हिशेबापुढे एका कुलपाची किंमत ती काय? कारखाना निरीक्षकांनी नोंदवह्या मागण्यापूर्वी दुरुस्ती चालू असलेल्या यंत्रापाशी जावे आणि फिटरला किल्ली दाखवावयास सांगावे. ती त्याच्यापाशी नसेल तर काम तत्क्षणी थांबवावे.