टर्बो कारखान्याचा की गॅरेजमधला?

'लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. अमेरिकेतल्या मराठी माणसाने तिला 'आणि इंजिन पाहावे बांधून' असे शेपूट जोडायला हरकत नाही. येथे वाढलेल्या आपल्या मुलांपैकी काहींना जुन्या गाड्यांचा नाद लागतो, आणि त्यातही माझदा आरएक्स-७ ज्याला भुरळ घालते त्याची सुटका सहसा होत नाही. मग घरात वाद पेटतो. साधी, बिनटर्बोची गाडी स्वस्तात घेऊन तिच्यावर आपण टर्बो चढवावा, की जास्त पैसे मोजून कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली गाडी घ्यावी? पहिल्या नोकरीतली सगळी शिल्लक पणाला लागलेली असते, म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्याकडे एकच गाडी आहे आणि सोमवारी सकाळी तिच्यातूनच कामावर जायचे आहे, त्याने कारखान्याची टर्बो गाडी घ्यावी. का, ते आता पाहू.

उदाहरणादाखल १९८६ ते १९९१ या काळात अमेरिकेत विकली गेलेली दुसऱ्या पिढीची आरएक्स-७ घेऊ. १९८९ नंतरच्या साध्या गाडीची ताकद १६० अश्वशक्ती, तर त्याच वर्षांतल्या टर्बो टू गाडीची २००. इंजिन दोहोंतही १३०८ सी.सी.चे, दोन रोटरचे. कागदावर फरक ४० अश्वशक्तीचा दिसतो, आणि गॅरेजमधला कारागीर तर 'तीनशे काढून देतो' म्हणतो. मग कारखान्याला जास्त पैसे का द्यायचे, असे तरुणाला वाटले तर त्यात त्याचा दोष नाही.

पण वाचकहो, हे इंजिन साधे नव्हे. यात पिस्टन नाहीत आणि व्हॉल्व्हही नाहीत. कमरेत किंचित दबलेल्या लंबगोल पोकळीत तिकोनी रोटर फिरतो. रोटरच्या तीन टोकांना धातूच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांना एपेक्स सील म्हणतात. मागून स्प्रिंगने रेटलेल्या या पट्ट्या पोकळीच्या भिंतीला सतत घासत राहतात आणि दाब कोंडून धरतात. त्यांना वंगण मिळावे म्हणून कारखान्यानेच थोडे थोडे तेल इंजिनात सोडण्याचा पंप बसवला आहे. म्हणजे रोटरी गाडी तेल पिते, हा तिचा आजार नसून स्वभाव आहे.

या इंजिनाचा धूर गरम असतो आणि जोराने बाहेर पडतो. टर्बोचे चाक धुराच्याच जोरावर फिरते आणि हवा दाबून इंजिनात भरते. म्हणून रोटरी आणि टर्बो यांची जोडी छान जमते. मात्र हवा जास्त दाबली आणि पेट्रोल कमी पडले, किंवा ठिणगी वेळेआधी पडली, की आतले मिश्रण ज्योतीची वाट न पाहता आपोआप भडकते. मेकॅनिक याला नॉकिंग म्हणतात. पिस्टनचे इंजिन असे थोडेफार सोसते. रोटरीत मात्र ती पट्टीच तुटते. तुकडा भिंतीवर ओरखडे काढतो आणि जाता जाता टर्बोच्या पात्यांनाही जखम करतो. मग इंजिन उतरवून पुरते खोलण्यावाचून गत्यंतर नाही.

या सीलने मोठमोठ्यांना रडवले आहे. जर्मनीच्या एनएसयू कंपनीने फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवर १९६७ साली रो-८० ही देखणी गाडी काढली. पण सील लवकर झिजू लागली आणि हमीपोटी इंजिने बदलून देता देता कंपनी जेरीस आली. १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. माझदाने केनिची यामामोतो यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे खटपट करून १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आणली. आरएक्स-७ आली १९७८ साली, आणि तिला टर्बो मिळाला १९८३ मध्ये, तोही आधी फक्त जपानात. ज्या कारखान्याचे सारे आयुष्य या इंजिनात गेले, त्यानेही घाई केली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता टर्बो टूमध्ये कारखान्याने काय काय बदलले ते पाहा. १९८९ नंतरच्या साध्या इंजिनाचे कॉम्प्रेशन ९.७ होते, ते टर्बोसाठी ९.० वर आणले. पेट्रोलचे इंजेक्टर मोठे केले. हवा थंड करणारा इंटरकूलर बसवला आणि त्याला वारा मिळावा म्हणून बोनेटला तोंड पाडले. गिअरबॉक्स दणकट दिला, मागचा डिफरन्शियल मजबूत केला, आणि सर्वांत साध्या मॉडेलपेक्षा ब्रेकही मोठे दिले. थोडक्यात, टर्बो हा या सगळ्यातला एकच भाग. गॅरेजमध्ये बहुधा तेवढाच विकत घेतला जातो. बाकीचे एकेक करून, गाडी बिघडेल तसतसे आठवत जाते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. शिवाय वेग वाढवायचा आणि ब्रेक जुनेच ठेवायचे, हा प्रश्न नुसत्या पैशांचा राहत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. टर्बो टू आता तीस वर्षांवरची म्हातारी झाली आहे. कारखान्याची हमी केव्हाच संपली. रबरी नळ्या कडक झाल्या, तारा ठिसूळ झाल्या. मधल्या मालकांनी तिच्याशी काय खेळ केले ते देवच जाणे. म्हणून 'कारखान्याची' या एका शब्दावर पैसे टाकू नयेत. रोटरीचे कॉम्प्रेशन मोजण्याचे वेगळे यंत्र असते, ते प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजू स्वतंत्र दाखवते. ती मोजणी करून घेतल्याशिवाय सौदा करू नये.

कारखान्याचे सगळेच श्रेष्ठ, असेही आम्ही म्हणत नाही. अमेरिकेत १९९३ ते १९९५ या वर्षांत विकली गेलेली तिसरी आरएक्स-७ दोन टर्बोंची होती. आधी एक टर्बो चाले आणि वेग वाढला की दुसरा त्याला येऊन मिळे. हे साधायला व्हॅक्यूमच्या नळ्यांचे असे जंजाळ केले होते की एक नळी सुटली तरी शोधता शोधता दिवस जावा. तेथे जाणकाराने दोन्ही काढून एकच मोठा टर्बो बसवला, तर त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण त्याने इंजिन आतून बांधलेले असते, पेट्रोल आणि ठिणगी यांचा हिशेब नव्याने बसवून घेतलेला असतो, आणि कामावर जायला त्याच्या दारात दुसरी गाडी उभी असते.

कायद्याचाही विचार हवा. कॅलिफोर्नियात १९७६ व त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणी चुकत नाही. धुरावर परिणाम करणाऱ्या बाहेरच्या भागाला तेथील हवा मंडळाची मान्यता लागते. ती नसली तर गाडी कितीही पळो, कागद पुढे सरकत नाही. कारखान्याची टर्बो गाडी मूळ स्थितीत असेल, तर निदान ही कटकट टळते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. 'हे मेकॅनिकचे धंदे तुला कशाला' म्हणून मुलांना झिडकारू नका. आपल्यातल्या कितीतरी जणांनी स्कूटरचा कार्ब्युरेटर खोलूनच यंत्राची पहिली ओळख करून घेतली. हात काळे करून मिळालेली विद्या फुकट जात नाही. बजावायचेच असेल तर एवढेच बजावा की शिकायचे इंजिन वेगळे आणि कामावर न्यायचे वेगळे.

आणि तरुण मित्रांनो, १९९१ साली ल मानची चोवीस तासांची शर्यत माझदाच्या ज्या ७८७-बी गाडीने जिंकली, तिच्या चार रोटरच्या इंजिनाला टर्बो नव्हताच. अहोरात्र टिकली, म्हणून ती जिंकली. तेव्हा कोणी तीनशे अश्वशक्तीचे आश्वासन दिले, तर किती वर्षे टिकेल हेही त्याला विचारा, आणि उत्तर पटले तरच खिशात हात घाला.