क्रियापदाआधीची रांग

मी भाषेवर लिहिणार म्हटलं की घरातली निम्मी माणसं जांभई देतात. धाकटी बहीण तर स्पष्टच विचारते, "ताई, रिटायर झालीस ना तू?" झाले बाई. पण पस्तीस वर्षं फळ्यावर अव्ययं लिहिलेला हात असा सहज थांबत नाही. आणि आजचं व्याकरण आपलं नाहीच. ते आहे अमेरिकेतल्या युरोक लोकांच्या भाषेचं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना वाद घालायला सोपं जाईल. मरणाच्या दारात गेलेली भाषा परत आणायची असेल, तर फुलं-पानं-प्राणी-रंग यांच्या याद्या मागे ठेवाव्यात आणि क्रियापदाला चिकटून चालणारे चिमुकले शब्द आधी शिकवावेत. नुसते शब्द नव्हेत, तर त्यांचा क्रम. कुठला पुढे, कुठला मागे.

आता युरोक कोण ते थोडक्यात. कॅलिफोर्नियाच्या अगदी वायव्येला क्लॅमथ नावाची नदी पॅसिफिकला मिळते. गगनाला भिडणारी रेडवूडची झाडं, धुकं, आणि नदीत चढून येणारे सामन मासे. त्या नदीच्या खालच्या टप्प्यात आणि आसपासच्या किनाऱ्यावर हे लोक राहतात. 'युरोक' हे नाव त्यांचं स्वतःचं नव्हे. नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या करुक लोकांच्या भाषेतल्या 'खाली, प्रवाहाच्या दिशेला' अशा अर्थाच्या शब्दावरून ते पडलं. म्हणजे शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव जगात रूढ झालं. (हे असं घराघरांत होतंच म्हणा!) त्यांच्या बोलण्यात दिशासुद्धा पूर्व-पश्चिम अशा नसून नदीवरून ठरतात, वरच्या अंगाला नि खालच्या अंगाला.

ह्या भाषेचं गोत्र शोधण्याची कथाही मोठी गमतीची आहे. एडवर्ड सपीर नावाच्या थोर भाषापंडितानं 1913 साली म्हटलं की युरोक आणि तिची शेजारीण वियोट या दोन्ही भाषा ऑल्गॉन्क्वियन भाषांच्या नात्यातल्या आहेत. ऑल्गॉन्क्वियन म्हणजे क्री, ओजिब्वे वगैरे, पार कॅनडाच्या मधल्या भागापासून अटलांटिकपर्यंत पसरलेल्या. मधे रॉकी पर्वत, आणि हा गृहस्थ म्हणतो बहिणी-बहिणी! पंडितांत जुंपली. पण 'माझं, तुझं, त्याचं' सांगणारे उपसर्ग पाहा. युरोकमध्ये 'ने-, के-, वे-', क्रीमध्ये 'नि-, कि-, ओ-'. शेवटी 1958 साली मेरी हास यांनी पुरावे मांडून वाद मिटवला. आता या सगळ्या कुळाला अल्जिक म्हणतात.

तर मुद्द्याकडे येते.

मराठीत काळ कळतो तो बहुतेक क्रियापदाच्या शेपटीवरून. जेवते, जेवले, जेवेन, जेवणार नव्हते. सगळी गंमत शेवटी. युरोकमध्ये क्रियापदाच्या शेवटी कोण करतंय ते कळतं. 'नेपेक' म्हणजे मी खाते (शेवटचा 'क' घशात जरा झटका देऊन म्हणायचा), 'नेपेम' म्हणजे तू खातोस. पण कधी खातेस, खाऊन झालं का, खातच नाहीस का, कुठे, कशासाठी, हे सांगायला क्रियापदाच्या आधी सुटे छोटे शब्द उभे करतात. 'की नेपेक' म्हणजे मी खाणार आहे. 'किच नेपेक' म्हणजे माझं खाऊन झालं. 'निमि नेपेक' म्हणजे मी खात नाही. (आपल्या 'की'शी त्या 'की'चं नातं लावू नये. निव्वळ योगायोग. नाहीतर आमचे एक स्नेही लगेच लेख लिहायचे, मराठी कॅलिफोर्नियात पोचल्याचा.)

शिवाय तिथे अशीही पुष्कळ क्रियापदं आहेत की ज्यांना प्रत्ययच लागत नाहीत. मग 'मी' की 'तू' हे सर्वनामानं सांगायचं आणि बाकीचा सगळा भार ह्या चिमुकल्यांवर. पोस्टमननं पत्र आणावं तसं हे शब्द अर्थ आणतात, क्रियापद आपलं घरात बसून.

असे दोन-तीन शब्द एकदम आले तर? तर ते हवे तसे उभे राहत नाहीत. त्यांची रांग असते. अशी रांग लावणाऱ्या भाषांत साधारण कल असा दिसतो की ज्याचा संबंध अख्ख्या विधानाशी, म्हणजे काळ वगैरे, तो क्रियापदापासून लांब. आणि ज्याचा संबंध क्रियेच्या पोटाशी, म्हणजे ती कुठे, कोणत्या रीतीनं, तो जवळ. लग्नाच्या पंगतीत नाही का, यजमान दाराशी आणि आचारी चुलीपाशी!

युरोकच्या लांबच्या बहिणीत, ओजिब्वेत, हा क्रम फार स्वच्छ दिसतो. तिथे 'निंगी-वीसिन' म्हणजे मी जेवले. 'निं' म्हणजे मी, 'गी' भूतकाळाचा, 'वीसिन' जेवणं. आता 'इकडे येऊन जेवले' म्हणायचं असेल तर 'इकडे' दाखवणारा 'बि' हा 'गी'च्या नंतर आणि क्रियापदाच्या आधी बसणार. 'गी'च्या अलीकडे त्याला जागा नाही. आधी काळ, मग दिशा, मग कसं-कशामुळे, मग क्रियेचा प्रकार, मग क्रिया. आणि फरकही बघा. ओजिब्वेत 'मी' या रांगेच्या तोंडाशी उभा आहे, तर युरोकमध्ये तो क्रियापदाच्या शेपटाला. शिवाय ओजिब्वेत हे शब्द क्रियापदाला जोडून लिहितात, युरोकमध्ये सुटे. एका कुळातल्या दोन घरांत देव्हारा वेगवेगळ्या कोपऱ्यात असावा तसं.

हे वाचताना मला पाणिनी आठवला नसता तरच नवल. उपसर्ग धातूच्या आधी येतात, हे त्यानं नियम म्हणून सांगितलं आणि लगोलग हेही नोंदवलं की वेदांत ते धातूनंतरही येतात आणि मधे दुसरे शब्द घेऊनही येतात. म्हणजे एके काळी संस्कृतातले उपसर्गही असे सुटे हिंडत होते, मग हळूहळू धातूला चिकटले. आणि चिकटतानाही रांग सोडली नाही. व्याकरण, उदाहरण, पर्यावरण, प्रत्यागमन, समालोचन हे शब्द फोडून पाहा. वि-आ, उद्-आ, परि-आ, प्रति-आ, सम्-आ. 'आ' नेहमी धातूच्या कुशीत. 'आप्रतिगमन' असं कुणी म्हटलेलं ऐकलंय? शाळेत मुलं संधी सोडवायची, मार्क मिळवायची, पण 'आ' नेहमी शेवटी का, असं एकानंही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

योगायोग असा की युरोकचं पहिलं मोठं व्याकरण ज्यांनी लिहिलं ते लंडनचे प्राध्यापक आर. एच. रॉबिन्स पुढे भाषाविज्ञानाच्या इतिहासावरच्या पुस्तकामुळे (1967) जगभर वाचले गेले आणि त्या पुस्तकात पाणिनीच्या परंपरेला मानाचं पान आहे. हे रॉबिन्स 1951 साली क्लॅमथच्या मुखाशी रेक्वा गावात जाऊन राहिले. फ्लॉरेन्स शॉनेसी नावाच्या युरोक बाईंनी त्यांना भाषा सांगितली. नुसते शब्द नाही, गोष्टी सांगितल्या. 1958 साली व्याकरण, गोष्टी आणि शब्दसंग्रह असं तिहेरी पुस्तक निघालं.

माझा सगळा युक्तिवाद ह्या 'गोष्टी' शब्दावर उभा आहे. माशाला बोट दाखवून "ह्याला काय म्हणता?" असं विचारलं की नाम मिळतं. नदीला, झाडाला, नाकाला बोट दाखवता येतं. 'किच'कडे बोट कसं दाखवणार? बोलणाऱ्यालाही वेगळं विचारलं तर सांगता येत नाही. तुम्हाला कुणी परदेशी माणसानं विचारलं, "'च' म्हणजे काय हो?" तर तुम्ही काय सांगाल? पण "मी जेवलेच नव्हते ना!" हे तुम्ही अचूक म्हणता. 'रामालाच' म्हणता, 'रामाचला' म्हणत नाही. हे ज्ञान यादीत बसत नाही. ते ओघात बोललेल्या वाक्यातच सापडतं. म्हणून क्रोबर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेणाच्या नळकांड्यांवर घेतलेले युरोक आवाज, त्यांच्या मरणानंतर 1976 साली छापल्या गेलेल्या युरोक पुराणकथा, रॉबिन्सच्या गोष्टी, आणि बर्कलीच्या विद्यापीठात 2001 पासून अँड्र्यू गॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्ध बोलणाऱ्यांबरोबर केलेलं काम, हे सगळं सोन्याच्या मोलाचं. शब्दाआधीच्या रांगेचा नियम शोधायचा तर तो तिथेच शोधायला लागतो, वाक्य वाक्य चाळून.

कुणी म्हणेल, "हे पंडितांचे खेळ. कुणाचं काय अडलंय?" अडलंय. आर्ची थॉम्पसन हे लहानपणापासून युरोक बोलत आलेले शेवटचे अस्खलित आजोबा 2013 साली, 93 व्या वर्षी गेले. शेजारच्या वियोटचा तर शेवटचा जाणकार 1962 लाच गेला होता. युरोक मुलांना पूर्वी निवासी शाळांत नेऊन ठेवत, मातृभाषा बोललं की शिक्षा. शिक्षकी पेशातली आहे म्हणून हे लिहिताना मान खाली जाते. आज चित्र पालटलं आहे. त्या भागातल्या काही सरकारी हायस्कुलांत युरोक विषय म्हणून शिकवतात, नवी लिपी-पद्धत आहे, शब्दकोश आहे. 2009 साली कॅलिफोर्नियानं कायदा केला की आदिवासी भाषेचा शिक्षक कोण व्हावा हे त्या जमातीनं ठरवावं आणि सरकारनं त्याला शिकवण्याचा दाखला द्यावा. बी.एड.च्या कागदापेक्षा तोंडातली भाषा मोठी मानली. मला हा कायदा फार आवडला.

पण आता शिकणाऱ्याच्या डोक्यात इंग्रजी आहे. आणि इथे एक चोरवाट आहे. इंग्रजीतही काळ आणि नकार सांगणारे शब्द क्रियापदाआधीच येतात. म्हणजे युरोक मुलाला वाटतं, अरे, हे तर आपल्यासारखंच! आणि तो इंग्रजी रांगेतल्या एकेका शब्दाच्या जागी युरोक शब्द ठेवत जातो. शब्द सगळे युरोक, चाल इंग्रजी. मराठी माणसाला ही भूल पडणार नाही, कारण आपलं 'जाणार नाही' उलट्या बाजूनं येतं, त्याला पहिल्यापासून नवंच शिकावं लागेल. साम्य जास्त घातक. शुद्धलेखनाची चूक दिसते तरी. ही दिसत नाही. आणि "असं नाही रे म्हणत बाळा" म्हणून टोकणारी आजी आता तिथे नाही. ध्वनिफिती आहेत, पण ध्वनिफीत टोकत नाही.

माझी नात तिकडे बे एरियात वाढते आहे. तिला पोळी, भाजी, आजी, चप्पल सगळं येतं. पन्नासेक नामं तरी. पण परवा फोनवर म्हणाली, "आजी, मी पण येणार ना च." आम्ही हसलो, तिला 'मी येणारच ना' म्हणायला लावलं, झालं. ती सुधारली कारण टोकायला अख्खं घर आहे, आणि इकडे काही कोटी माणसं आहेत.

दुसऱ्या बाजूचंही खरं आहे, आणि ते मी स्वतःशी पुष्कळ घोळवलं. मुलं बिचारी धीर करून चार शब्द बोलतात, त्यात हा शब्द आधी का तो, म्हणून लाल पेन घेऊन बसलं तर ती तोंड मिटतील. माझ्याच वर्गात अशी किती मुलं मिटलेली मी पाहिली आहेत. शिवाय भाषा बदलतेच. संस्कृतातले सुटे उपसर्ग चिकटलेच की नाही? नव्या पिढीनं रांग बदलली तर ती त्यांची भाषा, मी टोकणारी कोण. मान्य. फक्त बदलायचं तर जुनी रांग ऐकून बदलावी. न ऐकताच बदलली तर तो बदल नव्हे, ती इंग्रजी आहे.

म्हणून लाल पेन नकोच. पाठांतर हवं, पण गोष्टींचं. शॉनेसीबाईंच्या एका छोट्या गोष्टीतली दहा वाक्यं मुलांकडून इतकी घोटून घ्यावीत की रांग जिभेवर बसेल, नियम मागाहून सांगितला तरी चालेल. आपल्याकडे बाराखडी यायच्या आधी पोरं आरती म्हणतात, अर्थ कळत नसताना, आणि शब्दांचा क्रम एकही चुकत नाही.

आणि पहिला धडा? रंग नकोत, आकडे नकोत. 'खाणं' हेच क्रियापद घ्यावं. युरोकमध्ये सामन माशाचं नाव 'नेपुय', ते ह्याच 'नेप'वरून आलेलं. जे खाल्लं जातं ते. क्लॅमथवरची चार धरणं 2024 सालापर्यंत काढून टाकली आणि त्याच वर्षी मासे धरणांच्या जागा ओलांडून वर चढले, तेव्हा विषयही ताजा आहे. मधल्या सुट्टीच्या आधी बाईंनी 'की नेपेक' म्हणायला लावावं, सुट्टीनंतर 'किच नेपेक'. आणि ज्यानं डबा खाल्ला नाही त्यानं उभं राहून 'निमि नेपेक' म्हणावं, आणि मग शेजाऱ्यानं त्याला आपल्यातलं थोडं द्यावं.