घोट्यावरील जुनी जखम

बेंगळूरच्या पूर्वेस महादेवपुरा नावाचा भाग आहे. कारखाने, संगणक कंपन्यांच्या कचेऱ्या आणि मोठमोठी दुकाने यांची तेथे दाटी. अशा फाटकांवर ताटकळणारे पहारेकरी आपण पाहिलेच असतील. पन्नाशी उलटलेलेही त्यांत असतात. केरळने २०१८ साली व तामिळनाडूने २०२१ साली दुकानांतील नोकरांना बसावयास आसन देणे कायद्याने सक्तीचे केले. पहारेकऱ्याच्या स्टुलाची आठवण मात्र फारशी कोणास होत नाही.

पायांतील रक्त वर चढविण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते नीला पिळतात आणि नीलांतील झडपा ते रक्त परत खाली उतरू देत नाहीत. माणूस नुसता उभा राहिला की ही पिळणी थांबते. वय, स्थूलपणा, वारंवारची बाळंतपणे किंवा पूर्वी नीलेत धरलेली गाठ यांमुळे झडपा निकामी होतात. मग रक्त साचते, घोट्याची आतली बाजू काळवंडते, खाजते, ताठरते. आणि किरकोळ खरचटल्याचाही व्रण होऊन तो महिनोन् महिने वाहतो.

अशा वेळी घरोघरी मलमांचा शोध सुरू होतो. आमच्या मते तो बहुधा व्यर्थ. काही मलमांनी तर कातडी अधिकच चिघळते. खरे औषध म्हणजे दाबपट्टी. पाण्याने व्रण धुऊन साधी घडी ठेवावयाची आणि बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत पट्टी बांधावयाची, घोट्याशी घट्ट व वर क्रमाने सैल. सुश्रुतसंहितेतील व्रणाच्या साठ उपक्रमांतही बंध आहेच. निजताना पाय उशीवर उंच ठेवावा. बिघडलेली नीला लवकर बंद करण्याचाही लाभ होतो: ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांच्या पाहणीत (२०१८) असे व्रण भरण्याचा मध्यमान काळ ८२ दिवसांवरून ५६ दिवसांवर आला.

परंतु पट्टी आपल्याच मताने बांधू नये. तंबाखू ओढणाऱ्यांच्या व मधुमेह्यांच्या रोहिणी अरुंद झालेल्या असू शकतात. तेथे घट्ट पट्टीने पाय गमावण्याची पाळी येईल. डॉक्टर घोट्याचा व दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात. घोट्याचा दाब दंडाच्या चार-पंचमांशाहून कमी भरल्यास घट्ट पट्टी नको. तळव्यावरील न दुखणारी जखम मधुमेहाची वा कुष्ठरोगाची असू शकते. तिचे उपचार वेगळे. वर्षानुवर्षे न भरलेल्या व्रणाच्या कडा उंचावू लागल्या, तर कर्करोग नाही ना, हे पाहण्यासाठी तुकडा तपासून घ्यावा.

जखम भरल्यानंतरही सकाळी अंथरुणातून उतरण्यापूर्वीच दाबमोजा चढवावा.