जाहीर आवाहन : नवे कायदे समजून घेण्यासाठी लोणी देवकरच्या पंचक्रोशीला

1 आणि 2 जानेवारी 2024 रोजी महाराष्ट्रातल्या पेट्रोल पंपांवर रांगाच रांगा लागल्या होत्या. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकर निघेनात, मालमोटारींची चाके थांबली आणि मोबाइलवर एकच मजकूर फिरू लागला : अपघात झाला की ड्रायव्हरला दहा वर्षे कैद आणि सात लाख रुपये दंड. यातले सात लाख कायद्यात कुठेच नव्हते. दहा वर्षांची तरतूदही प्रत्येक अपघातासाठी नव्हती. जीवघेणा अपघात करून पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता जो पळून जाईल, त्याच्यापुरती ती होती.

दिल्लीत वाहतूकदारांच्या संघटनेशी केंद्रीय गृहसचिवांची बैठक झाली आणि संप मिटला. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली तेव्हा पळून जाण्याबद्दलचे ते उपकलम, म्हणजे 106 (2), बाजूला ठेवले गेले. ‘तो कायदा सरकारने मागे घेतला’ असे जे बोलले जाते, ते मात्र अर्धेच खरे आहे. त्याच कलमाचा पहिला भाग लागू झाला. निष्काळजीपणामुळे कोणाचा जीव गेला तर भारतीय दंड संहितेच्या 304 अ कलमाखाली जास्तीत जास्त दोन वर्षे शिक्षा होती, ती आता पाच वर्षांपर्यंत गेली आहे.

लोणी देवकर, पळसदेव, बळपुडी, कळाशी आणि आसपासच्या गावांतील ग्रामस्थांना हे आवाहन आहे. या गावांच्या अंगणातून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून सुटणारी तरुण मुले दुचाकीवर घरी जातात. गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या ट्रॉल्या पहाटेपर्यंत कारखान्याच्या वाटेवर असतात. आणि उजनीच्या पलीकडे जिल्हा बदलतो. या चारही गोष्टींचा नव्या कायद्यांशी रोजचा संबंध येतो. दंड किती वाढला, याची चर्चा पारावर पुष्कळ झाली. कोणता हक्क किती तासांत, किती दिवसांत मागायचा, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि सामान्य कुटुंबाचे खरे नुकसान तिथेच होते.

आधी अपघाताचे पाहू. महामार्गावर गाडी धडकली की जमलेल्यांपैकी निम्मे चित्रीकरण करतात आणि उरलेले म्हणतात, कशाला पोलिसांच्या लफड्यात पडायचे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेले 134 अ कलम नेमके या भीतीसाठी आहे. जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही कमी-जास्त झाले तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. त्याने नाव-गाव सांगितलेच पाहिजे अशी सक्तीही नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात रुग्णालयात पोहोचवून त्याचा जीव वाचवणाऱ्यासाठी केंद्र सरकारची ‘राहवीर’ योजना आहे आणि तिच्यात बक्षिसाची रक्कम 25,000 रुपये आहे. तेव्हा ग्रामस्थांनी आधी 108 किंवा 112 लावावा. महामार्गावरच्या मदतीसाठी 1033 हा क्रमांक आहे.

रुग्णालयात पैसे कोण भरणार, हा पुढचा प्रश्न. 5 मे 2025 पासून केंद्राची विनारोकड उपचार योजना लागू आहे. मोटार वाहनामुळे कोणत्याही रस्त्यावर अपघात झाला, तरी अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात विनारोकड होतात. यासाठी अपघाताची नोंद पोलिसांकडे व्हावी लागते. ‘आपसात मिटवून टाकू’ म्हणून पोलिसांना न कळवणाऱ्या कुटुंबाची ही मदत त्यामुळेच अडते.

चालकांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. अपघातानंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना लवकरात लवकर, उशिरात उशिरा 24 तासांत कळवणे, हे मोटार वाहन कायद्याच्या 134 व्या कलमाने चालकावर टाकलेले कर्तव्य आहे. जमाव अंगावर येईल ही चालकाची भीती खोटी नसते. कायद्यानेही ती मान्य केली आहे. जमावाच्या संतापामुळे थांबणे शक्य नसेल, तर जखमीजवळ न थांबल्याचा दोष त्याच्यावर येत नाही. पण तिथून निघाल्यावर त्याने थेट पोलीस ठाणे गाठावे. गावकऱ्यांनी चालकाला मारहाण करू नये, हे सांगण्याचे कारणही यातच आहे. मार खाण्याच्या भीतीने पळालेला चालक सापडला नाही, तर नुकसान जखमीच्या घरच्यांचेच होते.

वाहन सापडलेच नाही तरी हातावर हात धरून बसण्याची गरज नाही. 1 एप्रिल 2022 पासून अज्ञात वाहनाच्या धडकेत मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास 50,000 रुपये भरपाई मिळते. आधी हे आकडे 25,000 आणि 12,500 होते. त्याचा अर्ज महसूल खात्याकडे, तालुक्यातील चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. वाहन सापडले असेल तर भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात जातो. अपघात सोलापूरकडे झाला असला, तरी अर्जदार राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणात दावा करता येतो. त्यासाठी कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. दहावे-तेरावे, वर्षश्राद्ध उरकून ‘आता बघू कोर्टाचे’ म्हणणाऱ्या घराची मुदत तोवर संपलेली असते. घरात दुःख असताना कागदांची आठवण करून देणे जड जाते, पण भावकीतल्या एकाने ही जबाबदारी घ्यावी.

आता मुलांच्या हातातल्या गाडीबद्दल. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा 17 वर्षांचा होता. 300 शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर त्याला मिळालेल्या जामिनाची देशभर चर्चा झाली. पुढे त्याच्या वडिलांना अटक झाली, ती बातमी मात्र अनेकांच्या लक्षात राहिली नाही. मोटार वाहन कायद्याचे 199 अ कलम सांगते की अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. ‘मला माहीतच नव्हते’ एवढे म्हणून पालकाला सुटता येत नाही. गाडी त्याच्या संमतीनेच नेली असे न्यायालय धरून चालते आणि तसे नव्हते हे त्यालाच सिद्ध करावे लागते. कल्याणीनगरची मोटार महागडी होती. क्लासला जाणाऱ्या नववी-दहावीच्या पोराच्या हातात दिलेली बुलेट किंवा डेअरीवर दूध घालायला पाठवलेली स्प्लेंडर याच कलमात बसते.

ऊस वाहतूकदार आणि ट्रॅक्टरमालकांना वेगळी विनंती आहे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडल्या की अंधारात मागून येणाऱ्याला फक्त उसाची काळी भिंत दिसते, तीही अगदी जवळ आल्यावर. शेवटच्या ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर नसेल, एखादी ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी राहिली असेल, तर मागच्या दुचाकीस्वाराला ब्रेक दाबायलाही वेळ मिळत नाही. रस्त्यात अडथळा निर्माण करून कोणाला धोका पोहोचवण्याचा दंड जुन्या 283 कलमात 200 रुपये होता. न्याय संहितेच्या 285 व्या कलमात तो 5,000 रुपयांपर्यंत आहे. लग्नाला, जत्रेला ट्रॉलीत माणसे भरून नेण्याची सवयही सोडावी. माल वाहण्यासाठी असलेल्या ट्रॉलीत बसलेल्याला इजा झाली, तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि भरपाई मालकाच्या खिशातून, प्रसंगी जमिनीतून द्यावी लागते.

पुढच्या पुलापर्यंत जाऊन वळण्याचा कंटाळा म्हणून महामार्गावर उलट्या बाजूने गाडी घालणाऱ्यांची संख्याही कमी नाही. मोटार वाहन कायद्याच्या 184 व्या कलमात हे आता नाव घेऊन ‘धोकादायक वाहन चालवणे’ ठरवले आहे. सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, अशी पहिल्या गुन्ह्याची शिक्षा आहे. विनापरवाना चालवले तर 5,000, विमा नसेल तर पहिल्या वेळी 2,000 रुपये. केंद्राची ही दुरुस्ती 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झाली होती, महाराष्ट्राने वाढीव तडजोड शुल्क डिसेंबर 2021 मध्ये लागू केले. हेल्मेट चालकाइतकेच मागे बसलेल्यालाही लागते. कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असतील, तर ती कागदी प्रतीइतकीच ग्राह्य आहेत.

फौजदारी कायद्यात झालेला बदल याहून मोठा आहे. 1 जुलै 2024 पासून 1860 च्या दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने, 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने आणि 1872 च्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. लोकांच्या तोंडी बसलेली कलमे बदलली. खुनाचे 302 आता 103 झाले, फसवणुकीचे 420 आता 318 झाले, सासरच्या छळाचे 498 अ आता 85 झाले. मात्र 1 जुलै 2024 च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच कलमे लागतात. इंदापूर किंवा बारामतीच्या न्यायालयात ज्यांच्या जुन्या तारखा चालू आहेत, त्यांनी ‘कायदाच रद्द झाला, आता केस सुटली’ असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

या पंचक्रोशीला सर्वांत उपयोगाची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 व्या कलमात आहे. समजा, टेंभुर्णीहून एसटीने येणाऱ्या बाईच्या गळ्यातले गंठण गाडीत चढतानाच हिसकावले गेले आणि तिला पोलीस ठाणे गाठता आले ते इंदापुरात उतरल्यावर. टेंभुर्णी माढा तालुक्यातली, जिल्हा सोलापूर. ‘तुमची हद्द आमची नाही’ असे उत्तर तिला आता कायद्याने देता येत नाही. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्याने नोंदवून घ्यायची आहे आणि ती पुढे योग्य ठाण्याकडे पाठवायची आहे. पोलीस अशा नोंदीला झिरो एफआयआर म्हणतात. हिसकावून केलेली चोरी हा न्याय संहितेच्या 304 व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा झाला असून त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. 

विहिरीवरची मोटार, केबल चोरीला गेली तर फिर्याद ऑनलाइनही देता येते, पण तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला, हे पोलिसांनी 90 दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचे असते. फिर्याद घेतलीच नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा, तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. अर्जाची पोहोच मात्र मागून घ्यावी.

घरातल्या बायकांनी आणखी एक बदल लक्षात घ्यावा. समन्स बजावताना माणूस घरी नसेल, तर पूर्वी ते घरातल्या सज्ञान पुरुषाकडे देत. आता ते सज्ञान स्त्रीकडेही देता येते, आणि तिने घेतले की ते बजावले गेले असे धरले जाते. मालक शेतात गेले असताना आलेला कागद फळीवर ठेवून विसरणे महागात पडेल. साक्षीदार म्हणून जबाब द्यायचा असेल, तर स्त्रियांना, 15 वर्षांखालील आणि 60 वर्षांवरील पुरुषांना ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. 

कायदा बदलला की भामटेही कामाला लागतात. ‘तुमच्या वाहनावर चलन आहे’ असा संदेश आणि सोबत एपीके फाइल आली, तर ती उघडू नये. ती उघडताच मोबाइलचा ताबा जातो आणि बँक खाते रिकामे होते. चलन खरे आहे का, हे परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून पाहावे. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची झाल्यावर बनावट संकेतस्थळेही निघाली. पाटीचा सरकारी दर जीएसटी वगळून दुचाकी आणि ट्रॅक्टरला 450, तीनचाकीला 500 आणि इतर वाहनांना 745 रुपये ठरलेला आहे. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी 1930 वर फोन करावा. पहिल्या काही तासांत कळवले, तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

हे सारे गावागावांत पोहोचावे, यासाठी पंचक्रोशीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत नव्या कायद्यांच्या माहितीसाठी एक तास ठेवावा. पोलीस ठाण्यातील अधिकारी, बारामतीच्या परिवहन कार्यालयातील निरीक्षक आणि तालुका विधी सेवा समितीचे वकील या तिघांना लेखी निमंत्रण द्यावे. सभा गळीत हंगामाआधी झाली, तर ट्रॅक्टरचालक आणि ऊसतोड मुकादमांनाही येता येईल. औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांसाठी पाळी सुटण्याच्या वेळी वेगळी बैठक घ्यावी. ज्यांचे अपघाताचे दावे, फिर्यादी किंवा जुन्या केसेस अडकल्या आहेत, त्यांनी एफआयआरची प्रत, विम्याचा कागद, परवाना आणि रुग्णालयाची बिले सोबत आणावीत. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्याचा अर्ज सभेतच भरता येईल. ज्यांना तोवर थांबणे शक्य नाही, त्यांनी विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक लावावा, आणि ज्यांच्या घरात गेल्या सहा महिन्यांत अपघात झाला आहे, त्यांनी सभेची वाट न पाहता याच आठवड्यात वकिलाला गाठावे.