बॅटरी रात्रीच्या हिशेबाने घ्या

सुरतजवळच्या चलथाणमधल्या रो हाऊसांच्या गच्च्यांवर हल्ली पॅनल भराभर चढताहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं आणि नंदुरबार-जळगावकडून येऊन इथल्या मिलमध्ये उभी हयात काढलेल्या माणसांनीही हिंमत केली. बिल उतरलं, घरं खूश आहेत. पण लाइट गेली की भर उन्हातही पॅनलवालं घर बंद पडतं. मग मला हमखास विचारणा होते, "भाऊ, एवढा खर्च केला, वर ऊन तापलंय, तरी पंखा बंद कसा?"

अनुदानातून बसलेल्या बहुतेक यंत्रणा ऑन-ग्रिड आहेत. कंपनीचा सप्लाय गेला की त्यांचा इन्व्हर्टर आपणहून बंद होतो. लाइन बंद आहे असं समजून वायरमन खांबावर काम करत असतो, आपल्या गच्चीवरचा करंट त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून ही सोय आहे आणि ती असायलाच हवी. लाइट गेल्यावरही घर चालू ठेवायचं तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. अनुदान पॅनलच्या किलोवॅटवर मोजतात, बॅटरीचा भार आपल्याच खिशावर पडतो. म्हणूनच ती नीट मोजून घ्यायला हवी.

दुकानात मात्र पहिला प्रश्न पॅनल किती किलोवॅटचं, हा असतो. तीन म्हटलं की चार बॅटऱ्यांचा कागद पुढे येतो. हे मला मुळीच पटत नाही. तीन किलोवॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास देतं. ती सगळी वीज घरात साठवायची आपल्याला गरजच नाही. नेट मीटर आहे, जास्तीची वीज कंपनीकडे जाते आणि बिलात वजा होते. बॅटरी हवी ती फक्त लाइट नसतानाच्या तासांसाठी. तेव्हा गच्चीकडे न बघता घरात काय चालू ठेवायचं ते बघा.

रात्रीचे आठ तास धरू. आतल्या आणि पुढच्या खोलीतला एकेक पंखा, दोन एलईडी, वायफाय, मोबाइलचे चार्जर. पंखे जुने असतील तर एकेक ७५ वॅट खातो, बाकीचं मिळून पन्नासेक वॅट. एकूण दोनशे वॅट, आठ तासांत १.६ युनिट. इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया जाते, ती धरून जवळजवळ १.९ युनिट. आता बॅटरीकडे या. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १.८ युनिट. पण ही शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत उपसली तर लवकर मरते, ती निम्म्यापर्यंतच वापरावी. म्हणजे हातात येतं ०.९ युनिट. या घराला अशा दोन बॅटऱ्याही काठावरच पुरतील.

आता तेच दोन पंखे बदलून बीएलडीसी लावा. एकेकाला तीसेक वॅट लागतात. दोनशेचा लोड एकशेदहावर येतो आणि रात्रीची गरज एक युनिटच्या आसपास. २०० एएचची एकच ट्युब्युलर त्यात भागवते. लिथियम घेतली तर १२.८ व्होल्ट, १०० एएचचीही चालते, कारण लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८०-९० टक्के वापरता येते. बॅटरीच्या आधी पंखे बदला, हे मी भेटेल त्याला सांगतो. फ्रिज या हिशेबात धरू नका. दार उघडलं नाही तर तो चार तास गारवा धरतो. पाण्याची मोटर आणि एसी तर बॅटरीवर टाकूच नका. एक अश्वशक्तीची मोटर चालताना साडेसातशे वॅटहून जास्तच घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते.

लेबल वाचताना सी-१० की सी-२० ते बघा. दीडशे एएच हा आकडा दहा तासांत रिकामी करून मोजलाय की वीस तासांत, ते त्यावरून कळतं. सोलरसाठी सी-१०ची घ्या. जुन्या बॅटरीला नवी जोडू नका, जुनी नवीलाही घेऊन बुडते. लिथियम घेणार असाल तर इन्व्हर्टरमध्ये तिचं चार्जिंग सेटिंग आहे का, ते आधी विचारा.

आपल्याकडचा उन्हाळा बॅटरीला फार सोसत नाही. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य दर दहा अंश वाढीव उष्णतेला जवळपास निम्मं होतं. गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली ठेवलेली बॅटरी मे महिन्यात अक्षरशः शिजते. सावलीत, हवा खेळती राहील अशा जागी ठेवा, डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघत राहा. पण जमिनीलगतही नको. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सोडल्यावर तापी सुरतेत शिरली, शहराचा बहुतेक भाग बुडाला. तळमजल्यावरच्या बॅटरीचं अशा वेळी काय होईल, हे वेगळं सांगायला नको. कमरेच्या उंचीवर पक्की मांडणी करा.

तशी आपत्ती पुन्हा आली तर, म्हणून तीन दिवसांचा साठा घेणारेही भेटतात. त्यांची भीती मला कळते, सुरतकरांनी ते दिवस भोगलेत. पण अशा वेळी मोठ्या बॅटरीपेक्षा हायब्रिड इन्व्हर्टर कामाचा. ढगाळ दिवशी पॅनल एक-दोन युनिट जरी देऊ शकलं, तरी छोटी बॅटरी संध्याकाळपर्यंत पुन्हा भरते. रात्रीची सगळीच वीज साठवायची तर ते काम गावाने मिळून करावं. उत्तर गुजरातेतल्या मोढेऱ्यात २०२२ मध्ये तेच झालं. तेराशेहून अधिक घरांवर एकेक किलोवॅटची पॅनल, शेजारच्या सुजाणपुऱ्यात सहा मेगावॅटचा प्रकल्प आणि पंधरा मेगावॅट-तास साठवणारी सामाईक बॅटरी.

तुमच्या घराचा आकडा काढायला कोणाला पैसे द्यायला नकोत. रात्री जेवणं झाली की लाइट गेल्यावर जे लागेल तेवढंच चालू ठेवा, फ्रिजसुद्धा बंद करा आणि मीटरसमोर उभे राहा. त्यावरचा लाल दिवा लुकलुकतो. किती लुकलुकींचं एक युनिट ते मीटरवरच छापलेलं असतं, समजा ३२००. दहा मिनिटांत साठ वेळा लुकलुकला तर तासाला ३६०, म्हणजे ०.११ युनिट. त्याला आठाने गुणा, कागदावर लिहा आणि तो कागद घेऊनच दुकानात जा.