आधी वाजवून बघा!

उन्हाळ्यात माठ घ्यायला निघालो की रिठदला आजी मागून हाक मारायचीच, "वाजवून घेजो, बाप्पा!" खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर परत ठेवायचा. माठ न फोडता भेग ओळखायची ही युक्ती म्हणजे आपल्या सिलॅबसमधलं 'नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग'च की! हे कळायला मला थर्ड इयर उजाडावं लागलं.

परवा एक सेमिनार झाला, 'एमआरआयने कंपोझिटची तपासणी'. स्लाइड्स झकास, टाळ्या कडकडून. मीपण वाजवल्या. रूमवर आल्यावर मात्र डोक्यात किडा वळवळला. एमआरआयला मुळात दिसतं काय?

मित्रहो, माणसाचा एमआरआय निघतो तो मुख्यतः शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनमुळे. १.५ टेस्लाच्या चुंबकात हा हायड्रोजन साधारण ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींना उत्तर देतो. इपॉक्सीतही हायड्रोजन भरपूर आहे. पण रेझिन कडक झालं की रेणू जागीच जखडतात आणि त्यांचं उत्तर काही मायक्रोसेकंदांत विरून जातं. दवाखान्यातलं मशीन कान देईपर्यंत सगळं सामसूम! त्यात कार्बन फायबर विजेचा वाहक, तो रेडिओलहरींना नीट आतच जाऊ देत नाही.

मग हे सगळं फुकट का? मुळीच नाही. ग्लास फायबरच्या थरांत किंवा कागदी हनीकोंबच्या खणांत पाणी शिरलं, तर ते कुठे साचलंय हे एमआरआय छान दाखवू शकतो. हे महत्त्वाचं आहे, कारण विमान उंचावर गेलं की असं पाणी गोठून फुगतं आणि थर सुटू लागतात.

आता आपल्याकडचंच बघा. सातारा-धुळे भागातल्या पवनचक्क्यांची पाती मुख्यतः ग्लास फायबरची. पण एवढं लांबलचक पातं एमआरआयच्या साठ-सत्तर सेंटिमीटरच्या बोगद्यात घालणार कसं? जर्मनीत आखेनला बर्नहार्ड ब्ल्युमिश यांच्या गटाने १९९० च्या दशकात उलटा विचार केला. वस्तू चुंबकात घालण्यापेक्षा चुंबकच वस्तूवर ठेवायचा! त्यातून हातात मावणारा 'एनएमआर-माउस' आला. तो पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरच बघतो, पण जागेवर जाऊन बघतो.

आणि हे शास्त्र आपल्याला परकं नाही. १९५१ मध्ये अल्कोहोलमधल्या हायड्रोजनचे तीन वेगळे संकेत दाखवणाऱ्या तिघांपैकी एक होते एस. एस. धर्मट्टी. पुढे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये एनएमआरचं काम त्यांनीच उभं केलं.

माझं म्हणणं एवढंच. 'दोष दिसला नाही' म्हणजे 'दोष नाही' असं नव्हे. ज्या यंत्राला तो दोष दिसूच शकत नाही, त्याच्या ओके रिपोर्टवर उद्या कुणीतरी विमानात बसणार आहे. म्हणून सेमिनारचा विषय घेताना आधी विचारा, काय शोधायचंय आणि त्याचा संकेत कोण देईल?

सरांना एक विनंती. लॅबमध्ये ग्लास फायबरची एक प्लेट बनवू या, थरांच्या मध्ये टेफ्लॉनचा तुकडा लपवू या आणि तो कुठे आहे ते पोरांना नाण्याने वाजवून शोधू द्या. नाण्याला पाणी किंवा खोलवरचा दोष सापडेलच असं नाही, पण तेही हातानेच कळेल. खर्च फारसा नाही आणि कॉपी-पेस्टची सोयच नाही!